वासराचे वय आणि छातीचा रोग

जबलपूर शहराच्या उत्तर अंगाला अधारताल नावाची वस्ती आहे. गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीचे दिवाण अधारसिंह यांनी बांधविलेल्या तलावावरून हे नाव पडले, असे तेथील परंपरा सांगते. राणीच्या नावाचे राणीताल आणि दिवाणाच्या नावाचे अधारताल अशी ही जोडी आहे. राणी १५६४ मध्ये रणांगणावर पडली. दिवाणाचे नाव आज लोकांच्या तोंडी आहे ते मात्र शेती आणि पशुधन या दोन विद्यांमुळे. १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय अधारतालला आहे आणि जबलपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पशुधन प्रक्षेत्रही तेथेच आहे. हे महाविद्यालय १९४८ चे. त्या काळी जबलपूर आणि नागपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती, आणि नागपूरला स्वतंत्र पशुवैद्यक महाविद्यालय निघाले ते १९५८ मध्ये. तोपर्यंत विदर्भातील तरुणाला गुरांचे वैद्यक शिकावयाचे झाल्यास जवळचे ठिकाण जबलपूर हेच होते. २००९ मध्ये तेथे स्वतंत्र पशुवैद्यक विश्वविद्यालय झाले. त्याला नाव देण्यात आले ते नानाजी देशमुखांचे, म्हणजे मराठवाड्यातील कडोळी गावी जन्मलेल्या एका मराठी माणसाचे.

अधारतालच्या प्रक्षेत्रावर मुऱ्हा जातीच्या म्हशी बाळगतात, आणि म्हशी आल्या की रेडके आली. महाकोशलातला हिवाळा चांगलाच बोचरा असतो. पहाटेचे धुके, ओलसर जमीन आणि अंगावर जेमतेम केस असलेले रेडकू हे त्या दिवसांतील नेहमीचे दृश्य होय. अशा दिवसांत कोणत्याही गोठ्यात खोकल्याचा आवाज येऊ लागला की जाणता गवळी प्रथम एकच गोष्ट विचारतो : वासरू किती दिवसांचे? त्याचा हा प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध आहे. एकाच गोठ्यात, एकाच आठवड्यात, एकच विषाणू हवेतून फिरत असतो. आठ दिवसांच्या वासराचे नाक थोडे वाहते आणि प्रकरण तेथेच मिटते. दोन-अडीच महिन्यांचे वासरू ताप येऊन, मान पुढे ताणून, तोंडाने श्वास घेऊ लागते व कधी कधी तीन-चार दिवसांत दगावते. वर्षाची कालवड दोन दिवस चारा कमी खाते. आणि तिची आई शांतपणे रवंथ करीत उभी असते, जरी त्याच विषाणूचा अंश तिच्या नाकातही असला तरी. विषाणू बदललेला नाही, हवा बदललेली नाही. बदलले आहे ते वय. हा फरक का पडतो, हे समजून घेण्यासाठी वासराच्या जन्माच्या क्षणापाशी जावे लागते.

माणसाचे मूल जन्मते तेव्हा ते अगदीच रिकाम्या हातांनी येत नाही. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना ओळखून त्यांना निकामी करणारी प्रथिने, वारेतून बाळाच्या रक्तात उतरलेली असतात. गाय आणि म्हैस यांच्या वारेची रचना निराळी आहे. तेथे मातेचे रक्त व गर्भाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे इतके थर उभे असतात की, अन्नद्रव्ये आणि प्राणवायू यांना वाट मिळाली तरी प्रतिपिंडांसारख्या मोठ्या रेणूंना ती मिळत नाही. परिणामी वासराच्या रक्तात जन्मतः प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. आईने आयुष्यभर जे रोग सोसले, ज्या लसी घेतल्या, त्या सर्व अनुभवाची ठेव तिच्याजवळच राहते. ती वासराच्या स्वाधीन करण्याचा निसर्गाने एकच मार्ग ठेवला आहे, आणि तो म्हणजे चीक.

मातेच्या दुधातून पिलाला रोगप्रतिकाराची शक्ती मिळते, हे पाउल अर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. वासरांच्या बाबतीत हा मुद्दा पक्का केला तो अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल यांनी. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात काही वासरांना चीक पाजला होता आणि काहींना त्याच्याऐवजी साधे दूध दिले होते. चीक प्यालेली वासरे जगली. न प्यालेल्यांपैकी बहुतेक अल्पावधीत मेली. खेड्यातील म्हातारीला हे ठाऊकच होते, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. परंतु चीक किती, केव्हा आणि कोणत्या धारेचा, हे मात्र म्हातारीला ठाऊक नव्हते, आणि सारे महत्त्व त्या तपशिलात आहे.

विण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत गायीची कास आपल्या रक्तातील प्रतिपिंडे निवडून निवडून चिकात साठवीत असते. मुख्यतः ती जी वर्गातील प्रतिपिंडे असतात. चांगल्या चिकाच्या एका लिटरमध्ये ही प्रतिपिंडे ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक असतात. नवजात वासराच्या आतड्याच्या अस्तराला जन्मानंतर थोडा वेळ एक विलक्षण मुभा असते : मोठमोठे प्रथिनरेणू न पचविता, आहेत तसे, ते आत घेऊन रक्तात सोडते. ही मुभा तासातासाने आटत जाते. पहिल्या सहा तासांत शोषण उत्तम होते, बारा तासांनंतर ते बरेच मंदावते आणि सुमारे २४ तासांनी दार बंद होते. त्यानंतर कितीही उत्तम चीक पाजला तरी तो वासराच्या आतड्यात काही स्थानिक उपयोग करील, पोटही भरील. पण त्यातील प्रतिपिंडे रक्तात पोचणार नाहीत. म्हणून वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक, म्हणजे ३० किलोच्या रेडकाला सुमारे ३ लिटर, पहिल्या काही तासांतच पोटात जावा असा संकेत आहे. दुसऱ्या दिवशी वासराचे रक्त तपासले असता दर लिटरमागे किमान १० ग्रॅम जी प्रतिपिंडे आढळली, तर ठेव पोचली असे समजतात.

येथे दोन लोकरूढी आड येतात. पहिली अशी की, वार पडेपर्यंत वासराला कासेला लावावयाचे नाही. उत्तरेत व दक्षिणेत, अनेक प्रांतांत हा समज आढळतो, आणि त्यामागील हेतू वाईट नाही. चीक लवकर पाजला तर वार अडेल, अशी भीती त्यात असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. वासरू सडाला लुचू लागले की आईच्या शरीरात जो पान्हा सोडणारा स्राव उत्पन्न होतो, तोच गर्भाशयाच्या स्नायूंनाही आकुंचित करतो आणि वार पडण्यास मदतच होते. वार पडण्यास पाच-सहा तास लागले, कधी आठ-दहा लागले, तर तेवढा काळ वासरू उपाशी उभे राहते, आणि त्याच्या आतड्याचे दार त्या वेळात मिटत असते. ज्या वासराचा छातीचा रोग दोन महिन्यांनंतर उद्भवणार आहे, त्याच्या दुर्दैवाचा आरंभ पुष्कळदा या काही तासांत झालेला असतो.

दुसरी रूढी मराठी माणसाच्या जिभेशी निगडित आहे. खरवस हा महाराष्ट्रातच नव्हे, तर जबलपूर, इंदूर, बडोदे येथील मराठी घरांतही आवडीचा पदार्थ. गूळ, वेलची, जायफळ घालून वाफविलेला पहिल्या धारेचा घट्ट खरवस आला की घरात आनंद होतो. परंतु पहिल्या धारेतच प्रतिपिंडे सर्वांत अधिक असतात. दुसऱ्या धारेत ती सुमारे निम्म्यावर येतात आणि पुढे झपाट्याने उतरतात. खरवस घट्ट थापला जातो तोही चिकातील प्रथिनांच्या याच विपुलतेमुळे, आणि या प्रथिनांचा मोठा भाग म्हणजे वासराची प्रतिपिंडेच होत. तेव्हा शेजाऱ्याकडे पाठविलेली वाटी ही कोणाच्या तोंडची आहे, हे ध्यानात आले तर बरे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचाही खरवस होतो. थोडा मऊ होतो, इतकेच.

आता आईकडून आलेल्या या ठेवीचा हिशेब पाहू. ही ठेव वाढत नाही. ती खर्ची पडत जाते. जी वर्गातील प्रतिपिंडांचे रक्तातील प्रमाण साधारण तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. जन्माच्या दुसऱ्या दिवशी ते शंभर मानले, तर तीन आठवड्यांनी पन्नास, सहा आठवड्यांनी पंचवीस, नऊ आठवड्यांनी साडेबारा उरते. ज्या वासराला मुळातच चाळीस मिळाले, ते तिसऱ्या आठवड्यातच विसावर येऊन बसते. म्हणजे भरपूर चीक प्यालेल्या वासराला धोक्याची पातळी दहाव्या-बाराव्या आठवड्यात गाठते, तर अर्धपोटी राहिलेल्याला त्याच्या काही आठवडे आधीच. आठ दिवसांच्या वासरावर विषाणूचा हल्ला सौम्य जातो याचे एक कारण हे आहे. ते वासरू बलवान असते असे नव्हे. ते आईच्या कवचात असते.

याच काळात वासराची स्वतःची यंत्रणा जागी होत असते. पण ती सावकाश. जन्मतः त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी पुष्कळ असतात, त्यांतील जंतूंना गिळणाऱ्या पेशींची संख्याही भरपूर असते. मात्र त्यांच्या अंगी प्रौढ जनावराच्या पेशींची चपळता नसते. प्रतिपिंडे बनविणाऱ्या बी-पेशी थोड्या असतात. त्यांची संख्या पहिल्या काही आठवड्यांत वाढत जाते. प्रतिपिंडांना साहाय्य करणारी रक्तातील पूरक प्रथिने जन्मतः अपुरी असतात व प्रौढ पातळीला येण्यास त्यांना सहा महिन्यांच्या आसपास वेळ लागतो. टी-पेशींचा जो विभाग विषाणूने ग्रासलेल्या पेशी शोधून मारतो, तोही नवखा असतो. गुरांच्या पिलांत टी-पेशींची एक विशेष जात, जिला गॅमा-डेल्टा टी-पेशी म्हणतात, फार मोठ्या प्रमाणात आढळते आणि वय वाढते तसे तिचे प्रमाण उतरते. माणसात ही जात थोडी. वासरात मात्र ती रक्तातील टी-पेशींचा फार मोठा हिस्सा असू शकते. पूर्वपरिचयाची वाट न पाहता जंतूंवर तुटून पडण्याचे काम ती करते, असे दिसते. जणू शिकलेली फौज तयार होईपर्यंत निसर्गाने गावकऱ्यांचीच एक तुकडी उभी केली आहे.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण ती प्रथमदर्शनी उलटी वाटते. ज्या वासराला चीक मुळीच मिळाला नाही, त्याची स्वतःची प्रतिपिंडे बनविण्याची क्रिया अधिक लवकर सुरू होते. भरपूर मिळालेल्याची उशिरा. आईचे देणे लेकराच्या कमाईला थोडे मागे ढकलते. पण म्हणून चीक न पाजणे शहाणपणाचे, असे कोणी समजू नये. उपाशी वासरू ती कमाई करण्याइतके जगले तर ना! घटत जाणारी आईची ठेव आणि चढत जाणारी स्वतःची मिळकत या दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे दोन्ही तोकड्या असतात. साधारणपणे एक ते तीन महिन्यांच्या वयात येणारी ही खिंड म्हणजेच गोठ्यातील खोकल्याचे वय.

या खिंडीत वासराला गाठणारे विषाणू मुख्यतः तीन. पहिला गुरांच्या संसर्गजन्य नासाश्वसननलिकादाहाचा. तो नागीण-वर्गातील असून एकदा शिरला की मज्जातंतूंच्या गाठीत आयुष्यभर दडून राहतो आणि जनावरावर ताण आला की पुन्हा बाहेर पडतो. भारतात त्याची नोंद १९७६ मध्ये झाली. दुसरा पॅराइन्फ्लुएन्झा-३, जो १९५९ मध्ये अमेरिकेत प्रवासाने आजारी पडलेल्या गुरांत सापडला. तिसरा, आणि वयाच्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद, तो श्वसनमार्गी संपेशीजनक विषाणू. पेशींना एकमेकींत मिसळवून त्यांचे मोठे गोळे बनवितो म्हणून त्याला हे नाव. १९५६ मध्ये सर्दी झालेल्या चिंपांझी वानरांत त्याचा मानवी भाऊबंद प्रथम आढळला, १९५७ मध्ये तो तान्ह्या मुलांत सापडला आणि १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गुरांतील प्रकाराचा शोध प्रसिद्ध झाला. माणसाच्या बाळाला आणि गायीच्या बाळाला जवळजवळ एकच रोग, जवळजवळ एकाच वयात व्हावा, हा योगायोग वैद्यकाच्या फार उपयोगी पडला आहे.

विषाणू स्वतः वासराला क्वचितच मारतो. तो फुफ्फुसाची झाडलोट बंद पाडतो. श्वासनलिकेच्या अस्तरावर सूक्ष्म केसांचे एक शेत असते. ते अहोरात्र लाटांप्रमाणे हलत धूळ व जंतू घशाकडे लोटीत असते. विषाणूने हे अस्तर उजाड केले की घशात एरवी निरुपद्रवी म्हणून राहणारे पाश्चरेला, मॅनहाइमिया यांसारखे जिवाणू खाली उतरतात आणि न्यूमोनिया होतो. त्यातून गुरांचे फुफ्फुस देहाच्या मानाने लहान, आणि जाड पडद्यांनी छोट्या छोट्या खंडांत वाटलेले. एका खंडाची वाट बुजली तर शेजारच्या खंडातून त्याला हवा मिळत नाही. माणसाचे किंवा कुत्र्याचे फुफ्फुस जे नुकसान सोसते, ते वासराच्या फुफ्फुसाला जड जाते.

आता वयाच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. १९८७ मध्ये नेदरलँड्समधील किमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तिसऱ्या विषाणूचा संसर्ग आईची प्रतिपिंडे असलेल्या व नसलेल्या वासरांत तपासून प्रसिद्ध केला. आईची प्रतिपिंडे असलेल्या वासरांनी संसर्ग होऊनही स्वतःची प्रतिपिंडे नाममात्रच बनविली, रक्तातही आणि नाकाच्या स्रावातही. परीक्षा देऊन विद्यार्थी कोराच राहावा तसे हे दिसते. परंतु त्याच वासरांना पुढे पुन्हा संसर्ग झाला, तेव्हा त्यांचा प्रतिसाद जलद आला. म्हणजे प्रतिपिंडे दिसली नाहीत तरी स्मृती राहिली होती. या निरीक्षणाने एक जुने कोडे सुटले. लहान वासरांना टोचलेल्या लसी वाया जातात, असा अनुभव सर्वत्र होता. बुळकांड्या अर्थात रिंडरपेस्टच्या मोहिमेतही, ज्या रोगाचे उच्चाटन जगातून २०११ मध्ये जाहीर झाले, लस घेतलेल्या गायींच्या लहान वासरांना पुन्हा मोठेपणी टोचावे लागे. आईची प्रतिपिंडे शत्रू आणि शिक्षक यांत भेद करीत नाहीत. लसीतील दुबळा विषाणूही ती निकामी करून टाकतात.

मात्र लहान वयातील प्रतिसाद नेहमी दुबळा असतो, आणि दुबळेपणा हाच काय तो धोका आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. प्रतिसाद चुकीच्या वळणाचाही असू शकतो. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत या विषाणूची फॉर्मलिनने मारलेली लस तान्ह्या मुलांना टोचण्यात आली. पुढे नैसर्गिक संसर्ग झाला तेव्हा लस घेतलेली मुलेच अधिक आजारी पडली; लस घेतलेल्या एका गटातील २० पैकी १६ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले आणि दोन मुले दगावली. ज्यांनी पूर्वी विषाणू पाहिलाच नव्हता अशा अगदी कोवळ्या वयात हा अनर्थ विशेषतः घडला. लसीने प्रतिपिंडे उत्पन्न केली होती, पण ती विषाणूला नीट निकामी करणारी नव्हती. उलट तिने फुफ्फुसातील दाह भडकविण्याची तयारी करून ठेवली होती. मृत विषाणूच्या लसीने वासरांतही अशीच तीव्रता आणता येते, हे पुढे प्रयोगांत दिसले, आणि त्यामुळे तो अनर्थ कसा घडला असावा याचा अभ्यास वासरांत करता आला. म्हाताऱ्या गायीच्या आणि कोवळ्या वासराच्या फुफ्फुसांत एकच औषध दोन प्रकारे वागते, हा धडा माणसाने बराच महाग घेतला आहे.

या अडचणीतून दोन वाटा निघाल्या. एक नाकाची. दुबळा केलेला जिवंत विषाणू टोचण्याऐवजी नाकात सोडला, तर रक्तातील आईच्या प्रतिपिंडांना तो तेवढा सापडत नाही आणि नाकाचे अस्तर ए वर्गातील आपली प्रतिपिंडे बनविण्यास शिकते. पहिल्या काही आठवड्यांतच अशी लस देता येते. तिचे संरक्षण मात्र फार काळ टिकत नाही व पुढे पुन्हा मात्रा द्यावी लागते. दुसरी वाट आईची. गर्भारपणाच्या अखेरीस गायीला लस दिली की त्या प्रतिपिंडांनी चीक समृद्ध होतो. हीच कल्पना माणसात आली तेव्हा मात्र मार्ग वारेचा होता : २०२३ मध्ये गर्भवती स्त्रियांना द्यावयाच्या या विषाणूच्या लसीस अमेरिकेत मान्यता मिळाली. तेथे आईची प्रतिपिंडे बाळ जन्मण्यापूर्वीच त्याच्या रक्तात असतात. सहा तासांची घाई नाही. गायीच्या वासराला ही सवलत नाही.

वयाचा विचार जन्मापासून सुरू होतो असेही नाही. त्याची पहिली पाने गर्भात आहेत. १९४५ मध्ये अमेरिकेतील रे ओवेन यांनी दाखविले की गायीच्या जुळ्या वासरांच्या अंगात आयुष्यभर एकमेकांच्या रक्तपेशी सुखाने नांदतात, कारण गर्भातच त्यांचे रक्तप्रवाह मिळालेले असतात. जे गर्भात ओळखीचे झाले ते जन्मभर परके ठरत नाही. बर्नेट आणि मेडावर यांना १९६० मध्ये जे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागील विचाराचे एक मूळ गायीच्या या जुळ्यांत आहे. मेडावर यांनी स्वतः गुरांच्या जुळ्यांवर कातडीची कलमे करून पाहिली होती. या नियमाची काळी बाजू गोठ्यात दिसते. गुरांच्या विषाणुजन्य अतिसाराचा विषाणू गर्भाच्या पहिल्या सुमारे १२५ दिवसांत शिरला, तर वासरू त्याला स्वतःचाच अंश मानते. असे वासरू जन्मले तर जन्मभर तो विषाणू उधळीत राहते, आणि तो विषाणू इतर वासरांची प्रतिकारशक्ती खच्ची करीत असल्यामुळे त्याच्या भोवती छातीचे रोग वाढतात. हाच विषाणू गर्भाच्या अखेरच्या महिन्यांत शिरला तर गर्भ त्याच्याशी लढतो व प्रतिपिंडांसह जन्मतो. चार महिन्यांचा गर्भ आणि आठ महिन्यांचा गर्भ यांच्यात इतके अंतर पडते.

अधारतालसारख्या ठिकाणी हे सारे ऋतूंच्या हिशेबात बसवून पाहावे लागते. म्हशींचे विणे वर्षभर सारखे विभागलेले नसते. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ते दाटते. म्हणजे ऑक्टोबरात जन्मलेले रेडकू डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन महिन्यांचे होते. आईची ठेव तळाला गेलेली, स्वतःची मिळकत हाती न आलेली, आणि वर महाकोशलाची थंडी. वयाची खिंड व वर्षाची खिंड एकाच ठिकाणी येतात. त्यावर गवळी जो उपाय करतो तो पुष्कळदा अपायच ठरतो. थंडी लागू नये म्हणून गोठ्याच्या फटी पोत्यांनी बुजविल्या जातात. मुताचा अमोनिया आत कोंडतो, श्वासनलिकेवरील केसांची हालचाल त्याने मंदावते आणि एका वासराचा उच्छ्वास दुसऱ्याचा श्वास होतो. रेडकाला उबेसाठी हवी कोरडी, जाड गवताची शेज. बंद हवा नव्हे. वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये, पण छपराखालून हवा बाहेर जावी, आणि वेगवेगळ्या वयांची पिले एका दावणीला बांधू नयेत. मोठे वासरू विषाणू नाकात घेऊन हिंडते आणि स्वतः ठणठणीत राहते. लहानाला तो भोवतो.

जबलपूरच्या भोवती, विशेषतः परियट नदीच्या बाजूला, म्हशींच्या दुग्धशाळांची मोठी दाटी आहे. शहराला दूध त्यांच्याकडून मिळते. अशा व्यवसायात चीक पाजण्याचा प्रश्न नुसत्या अज्ञानाचा राहत नाही, तो पैशाचाही होतो. म्हैस पान्हा सोडावी एवढ्यापुरतेच रेडकू हवे असते. त्यातही रेडा असेल तर त्याच्या पोटात गेलेला प्रत्येक लिटर हा विक्रीतून गेलेला लिटर म्हणून मोजला जातो. पहिल्या दिवसाचा चीक तर दूध म्हणून विकतादेखील येत नाही, तरी तो पुरेसा पाजला जाईल याची खात्री नसते, कारण मोजून पाजण्याची सवयच नसते. वस्तुतः रेडकाला चीक मिळाला की नाही हे पाहण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दुसऱ्या दिवशी रक्ताचा एक थेंबभर निवळ द्रव साखरेचे प्रमाण मोजण्याच्या छोट्या वक्रीभवनमापकावर ठेवला तर प्रथिनांचा अंदाज येतो. ज्या म्हशीला चीक भरपूर आहे तिचा जादा चीक गोठवून ठेवला तर तो अनाथ रेडकाला महिन्यांनंतरही उपयोगी पडतो; वितळविताना मात्र कोमट पाण्यात ठेवावा, चुलीवर नव्हे, कारण उकळलेल्या चिकातील प्रतिपिंडे निकामी होतात. गोठविल्याने चिकातील आईच्या जिवंत पांढऱ्या पेशी मरतात, तेवढी उणीव राहते. पहिलटकरणीच्या चिकात अनुभवी म्हशीच्या मानाने प्रतिपिंडे कमी असतात, म्हणून गोठवावयाचा तो शक्यतो तिसऱ्या-चौथ्या वेताच्या म्हशीचा. वासराच्या वयाबरोबर आईचे वयही येथे मोजले जाते.

आणि शेवटी म्हैस कोठून आली हाही प्रश्न आहेच. मुऱ्हा ही हरियाणाकडची जात. दूरच्या बाजारातून विण्याच्या तोंडावर म्हैस विकत आणावी, हा शहरांच्या दुग्धव्यवसायातला परिपाठ. चिकात प्रतिपिंडे साठतात ती विण्यापूर्वीच्या आठवड्यांत, आणि ती असतात त्या म्हशीने ज्या गोठ्यांत दिवस काढले तेथील जंतूंविरुद्ध. आठ दिवसांपूर्वी गाडीतून उतरलेल्या म्हशीचे रेडकू जबलपुरात जन्मते तेव्हा त्याला मिळालेला चीक रोहतकच्या गोठ्याचा अनुभव सांगतो. आणि त्याला खोकायचे असते ते परियटच्या काठावरच्या हवेत. विण्याच्या निदान दीड-दोन महिने आधी म्हैस आणून नव्या गोठ्यात स्थिर केली, तर तिच्या शरीराला तेथील जंतूंची ओळख करून घेण्यास व ती ओळख चिकात उतरविण्यास अवधी मिळतो.